दोन पहिल्या पानांची वही

मी एक वही आहे. मला शेवटचं पान नाही, पहिली पानं मात्र दोन आहेत, दोन टोकांना एकेक. मला कसंही उचललं तरी हाती सुरुवातच येते.

जन्म हैदराबादचा, साल अठ्ठेचाळीस. निळा पुठ्ठा, लाल कापडाची पाठ, दोनशे पानं. मला विकत घेणारा उद्धव मुधोळचा, डॉक्टरकी शिकायला आलेला. घरी मराठी बोलायचा आणि शिकायचा उर्दूतून. तेव्हा तशीच रीत होती. डॉक्टरकीच्या जोडीला त्यानं मनाच्या तळाचं शास्त्र शिकायला घेतलं. त्याचा हिशेब सोपा होता. मुधोळात अर्धी दुखणी मनात असतात आणि उरलेल्या अर्ध्यांची औषधं दवाखान्यात नसतात. मग निदान पहिल्या अर्ध्यांचं तरी काही करावं.

उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून त्यानं मला उजव्या टोकानं उघडलं. मास्तर भरभर सांगायचे, उद्धव भरभर उतरवायचा. माणूस जे विसरला असं म्हणतो ते तो विसरलेला नसतो. जे तोंड बोलत नाही ते अंग बोलतं. रोग्याला त्याची स्वप्नं विचारा. घाईत अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, कुठंही पडत, पण परीक्षेत अक्षराला मार्क नव्हते.

मग निजामाचं राज्य गेलं. पुढं वर्ग भरले तेव्हा मास्तर तेच होते, मनही तेच होतं, भाषा तेवढी इंग्रजी झाली होती. उद्धवनं मला उलटं केलं आणि डाव्या टोकानं सुरुवात केली. आपल्याला ठाऊक नसलेल्या मनाला उर्दूत एक नाव होतं, इंग्रजीत दुसरं मिळालं. ते ठाऊक नव्हतं ते नव्हतंच. दोन्हीकडून लिखाण पुढं सरकलं आणि मध्ये चाळीस पानं कोरी राहिली.

उद्धव डॉक्टर होऊन मुधोळला आला. छप्पन साली मुधोळ नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे आंध्रात गेलं. गाव बोटभरही हललं नव्हतं, तरी लोक आठवडाभर एकमेकांना विचारत होते, प्रवास कसा झाला.

त्यानंतर चार महिन्यांनी वच्छलाबाई नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आल्या. नवरा म्हणजे सुधाकरराव, तहसील कचेरीतले पेशकार. अठ्ठावीस वर्षं उर्दूत दफ्तर लिहिलेले. त्यांचं अक्षर पाहायला शेजारच्या तालुक्यातले कारकून येत.

"हात दुखतो का?" डॉक्टरनं विचारलं.

"दुखत न्हाई, लिवत न्हाई," उत्तर वच्छलाबाईंनी दिलं. "भाकर मोडते, तमाखू मळते, सुपारी कातरते. टाक धरला का मेल्यावानी पडते. कचेरीतले म्हनतात, नाटक करून राह्यला."

सुधाकरराव स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते. हुकूम न ऐकणाऱ्या शिपायाकडं बघतात तसं.

दुखणं कधी सुरू झालं, हे डॉक्टरनं विचारून घेतलं. कचेरीतलं उर्दू बंद, इथून पुढं इंग्रजी आणि हळूहळू तेलुगू, असा हुकूम आला, त्याच आठवड्यात. आता दोन महिन्यांनी निर्मल गावी मोठ्या डॉक्टरपुढं तपासणी होती. तिथं लिहिता आलं नाही तर नोकरी जाणार. सुधाकररावांना नोकरीपेक्षा कागदावर पडणाऱ्या शेऱ्याची धास्ती जास्त होती. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांवरचे शेरे सुवाच्य लिहिले, त्याच्या नावापुढं कुणीतरी वाकड्या अक्षरात 'कामचुकार' लिहिणार होतं.

उद्धव डॉक्टरनं शास्त्राप्रमाणं सुरुवात केली. रोग्याला बाकड्यावर आडवं केलं, स्वतः मागं बसला आणि मला मांडीवर घेतलं.

"तुमी मागं काऊन बसता, डाक्टरसाब?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तोंड पाहू नये असं काय केलं यायनं?"

डॉक्टर पुढं येऊन बसला. शास्त्रातली पहिली दुरुस्ती तिथं झाली.

पंधरा दिवस काही हाती लागलं नाही. सुधाकरराव साक्षीदारासारखे बोलत, विचारलं तेवढंच.

"स्वप्नं पडतात का?"

"पडत न्हाईत. पडली तरी दफ्तरी नोंद न्हाई."

एके दिवशी सकाळी पायात कुऱ्हाड लागलेला माणूस आला. डॉक्टर मला बाकड्यावर उघडी टाकून धावला. उघडं होतं ते उर्दूचं टोक. सुधाकररावांनी नजर टाकली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

उर्दूत ख्वाब आणि जवाब ही अक्षरं सारखीच. नुक्ता वर दिला तर ख्वाब, म्हणजे स्वप्न. पोटात दिला तर जवाब, म्हणजे उत्तर. घाईत उद्धवनं तो पोटात दिला होता. 'रोग्याला त्याची उत्तरं विचारा', असं आठ-नऊ वर्षं माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, आणि डॉक्टर पंधरा दिवस तेच करत होता.

सुधाकररावांनी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि शब्दाच्या डोक्यावर नेमका नुक्ता दिला. खालचा खोडला नाही. दफ्तरात खाडाखोड करत नाहीत. शाईचा तो थंड ठिपका मला अजून आठवतो. टाक उजव्या हातात होता.

दारात डॉक्टर उभा होता. त्यानं पाहिलं आणि आल्या पावली परत जखम बांधायला गेला. त्याच्या सगळ्या शिक्षणात मला ही जागा सर्वात आवडते.

त्या दिवसापासून डॉक्टरचं उर्दू झपाट्यानं बिघडलं. रोज एक सुटं पान लिहून तो माझ्यासकट सुधाकररावांपुढं ठेवायचा. आठवड्याभरात त्याला 'मर्ज', म्हणजे रोग, हा साधा शब्दसुद्धा लिहिता येईना.

"डाक्टरसाब, तुमाले पास कोन केलं?"

"म्हणून तर दाखवतो, पेशकारसाहेब."

चुका दुरुस्त करता करता सुधाकरराव बोलू लागले. हात कामात असला की तोंडावरचा पहारा ढिला पडतो, हे माझ्या दोन्ही टोकांना लिहिलेलं आहे. त्यांचे वडील पटवारी होते. पोरगा पाटीवर डावीकडून मोडी लिहू लागला की उजव्या हातावर पट्टी बसायची. मोडीत कोरडी भाकर हाय, उर्दूत तूप हाय, असं वडील म्हणायचे. पट्टी खाऊन खाऊन हात उजवीकडून लिहायला शिकला होता.

"बाप गेला, निजाम गेला," सुधाकरराव म्हणाले, "हात तेवढा ताबेदार राह्यला." म्हणाले आणि आपणच दचकले. मग हसले.

तपासणी चार दिवसांवर आली. उर्दूला हात चालत होता, डावीकडून नेला की थरथरत होता. डॉक्टरनं मला मधोमध उघडलं, कोऱ्या पानावर.

"इथं कोनीकडून लिवाचं?"

"या पानाचं अजून ठरलेलं नाही."

त्यांनी उजवीकडून उर्दूत नाव लिहिलं. मग टाक डाव्या कडेला नेला, पण कागदाला टेकवेनात.

"वडील काय म्हणतात?" डॉक्टरनं विचारलं.

"पट्टी घेऊन उभे हायेत."

"त्यांना सांगा, तूप आता इकडं आहे."

सुधाकरराव इतके हसले की बाकडं हललं. हसता हसताच त्यांनी तेलुगूत नाव काढलं, जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखं, एकेक घास बेतानं. थरथर होती, पण टाक पडला नाही. दोन्ही नावं पानाच्या मध्यावर येऊन भेटली.

निर्मलला मोठ्या डॉक्टरनं कागद पुढं केला आणि नाव लिहायला सांगितलं. "कोनत्या भाषेत, साहेब?" सुधाकररावांनी विचारलं. त्यांच्या कागदावर 'कामास लायक' असा शेरा पडला. अक्षर फारच वाईट होतं, असं ते घरी येऊन म्हणाले. पुढं बारा वर्षं त्यांनी नोकरी केली. तेलुगूत वर-खाली करायला नुक्ता नाही, एवढीच त्यांची तक्रार राहिली.

आता मी आदिलाबादला दमयंतीकडं असते. ती उद्धव डॉक्टरची नात, आजोबांचंच शास्त्र शिकलेली. आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा मुधोळ निर्मलमध्ये गेलं. बसल्या जागी दुसरा प्रवास. दमयंतीनं मला डावीकडून वाचलं. मध्यावर आली, ती दोन नावं पाहिली आणि थांबली. उर्दू तिला येत नाही. मला वाटलं, आता अर्ध्या आयुष्यावरच कपाट बंद होणार.

पण ती मला एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं घेऊन गेली. ते चष्मा वर-खाली करत एकेक ओळ सांगत गेले आणि एका शब्दावर अडले.

"बेटी, यहाँ नुक्ता दो जगह है, ऊपर भी, नीचे भी. ख्वाब पढूँ या जवाब?"

दमयंतीनं पानाकडं बघून घेतलं. "दोन्ही लिहून घेते," ती म्हणाली.

माझी पानं आता कडांना झिजली आहेत आणि मधली एकोणचाळीस अजून कोरी आहेत. कुणी त्यांवर लिहिणार असेल तर हरकत नाही, कोणत्याही बाजूनं सुरू करा. एवढंच करा, की चूक सापडली तर नुक्ता योग्य जागी द्या आणि जुना तसाच राहू द्या.