दोऱ्याच्या आतला देश

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. माझ्या अंगावर जगातले सगळे समुद्र आहेत, पण सगळे देश नाहीत. मी तयार झालो तेव्हा काही देश जन्मलेच नव्हते. त्यातल्याच एका देशाची सहल माझ्यामुळे ठरली, म्हणून आज मी मान ताठ ठेवून, म्हणजे साडेतेवीस अंश कलती ठेवून, तुमच्याशी बोलतो आहे.

१९८० साली दिल्लीतल्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. पुठ्ठ्याच्या दोन मोठ्या वाट्या जोडून माझं अंग केलं आणि त्यावर होडीच्या आकाराच्या बारा कागदी पट्ट्या चिकटवल्या. चिकटवणारा कारागीर म्हातारा होता. प्रत्येक पट्टी बसली की तो जोडावरून अंगठा फिरवायचा. जोड अंगठ्याला लागला तर पट्टी काढायचा आणि पुन्हा लावायचा. माझा घेर बरोबर शहाण्णव सेंटिमीटर भरला. त्याच्या या चिकाटीचं मोल मला पुढे पंचवीस वर्षांनी कळलं.

पुढच्या वर्षी मी जुन्या जालन्यातल्या एका शाळेत आलो. माझं खोकं उघडलं ते विज्ञान शिकवणाऱ्या नंदाबाईंनी. त्या कुंभार पिंपळगावच्या शेतकरी घरातल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या. त्यांनी सर्वांत आधी माझ्यावर जालना शोधलं. सापडलं नाही. तेव्हा अक्षांश-रेखांश पाहून त्यांनी टाकाच्या टोकाने तिथे एक काळा ठिपका दिला. मुलं तो ठिपका बघायला रांग लावायची. बॅटरीच्या उजेडात मी फिरलो की जालन्यात दिवस उगवायचा, आणि वर्गात टाळ्या पडायच्या.

नंदाबाई राहायच्या इचरजबाईंच्या घरी, माडीवरच्या खोलीत. इचरजबाईंचं घराणं जैन, कापडाच्या व्यापारातलं, कितीतरी पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. इचरजबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या वर्षीच्या चातुर्मासात त्यांना दिशाव्रत घ्यायचं होतं. म्हणजे आपण जन्मभरात घरापासून कुठवर जायचं याची हद्द स्वतःच ठरवायची आणि मग ती कधी ओलांडायची नाही.

"साध्वीजी म्हणाल्या, हद्द बांध," त्या नंदाबाईंना म्हणाल्या. "पन मी कुठवर बांधू? दुनिया केवढी हेच मला ठाव न्हाई."

"थांबा काकीजी, दुनियाच घेऊन येते," नंदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची परवानगी काढून, रिक्षात त्यांच्या मांडीवर बसून मी त्या घरी गेलो. इचरजबाईंनी मला आधी नमस्कार केला. मग जालन्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू पश्चिमेला सरकवलं. अरबी समुद्र गेला, अरबस्तानचं वाळवंट गेलं, तांबडा समुद्र गेला. पलीकडच्या काठावर बोट थांबलं. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी बोटाने त्यांनी दोन ओलांडले.

नंदाबाईंनी लाल दोऱ्याने अंतर मोजलं. "जवळपास चार हजार किलोमीटर. पृथ्वीच्या घेराचा दहावा हिस्सा."

"मंग चार हजारच लिहा. बराबर दहावा हिस्सा."

नंदाबाईंनी दोरा तेवढा कापून दिला. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, शिवाय वर आणि खाली, अशा सगळ्या दिशांचे आकडे एका कागदावर लिहिले. इचरजबाईंनी कागद आणि दोरा चांदीच्या डबीत ठेवला आणि त्या साध्वीजी उतरल्या होत्या त्या जैन स्थानकात जाऊन व्रत घेऊन आल्या.

नंतरची माझी वर्षं चांगली गेली. पण जग माझ्यापेक्षा वेगाने बदलत होतं. १९९४ साली शाळेत नवा पृथ्वीगोल आला. तो आतून उजळायचा. "या जुन्यावरचे देशच खोटे आहेत," कुणीतरी म्हणालं, आणि मला सामानाच्या खोलीत फुटक्या ढोलाशेजारी ठेवलं. छत गळायचं. अरबी समुद्रावरची पट्टी ओलीने फुगली. एकदा शिपायाच्या हातून मी पडलो आणि पॅसिफिक महासागरात मला पोचा आला. नशीब, जालन्यातून तिकडे कुणाला जायचं नव्हतं. मुलांच्या टाळ्या ऐकत बसायचो, पण त्या आता दुसऱ्यासाठी असायच्या.

अशी अकरा वर्षं गेली.

२००५ सालच्या फेब्रुवारीत इचरजबाईंच्या घरी फोन वाजला. त्यांची नात कांचन तांबड्या समुद्राच्या काठावरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. देशाचं नाव एरिट्रिया, गावाचं नाव मासावा. तिकडे फिरायला गेलेलं जालन्यात कुणी नव्हतं. नकाशात तो देश दाखवा म्हटलं तर पुष्कळांचं बोट भलतीकडेच जायचं.

"दादी, मार्चमध्येच या," कांचन म्हणाली. "आत्ता इथं आपल्या जालन्याइतकंच ऊन आहे. मे महिन्यात भट्टी होते. आणि एप्रिल संपला की माझी नोकरी संपते. मग मी परत येईन, तुम्हांला इथं कोण आणणार?"

अडुसष्ट वर्षांच्या इचरजबाईंनी तयारी सुरू केली. पासपोर्ट निघाला. खाखऱ्यांचे डबे भरले. सूर्यास्तानंतर त्या जेवत नसत, म्हणून नंदाबाईंनी त्यांना मासावाच्या सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ताच करून दिला. तिकीट काढायचं तेवढं राहिलं होतं.

तेव्हा त्यांचा मुलगा गौतमचंद याने दुकानातला जगाचा नकाशा उतरवला, कापड मोजायची टेप लावली, खालच्या प्रमाणाशी ताडून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"माँ, चार हजार ऐंशी भरतंय. ऐंशी किलोमीटर हद्दीबाहेर."

"पुन्हा मोज."

"तीनदा मोजलं. उद्या लोक म्हणतील, पोरानं आईचं व्रत मोडलं."

इचरजबाई उठल्या. मग खाखऱ्यांचे डबे पिशवीतून काढून फडताळात ठेवू लागल्या. "कांचनला सांग, न्हाई जमत. शंका हाय तिथं पाऊल टाकायचं न्हाई."

नंदाबाईंना हे कळलं तेव्हा त्या शाळेतच होत्या. त्यांनी सामानाच्या खोलीची किल्ली मागितली. दार उघडलं, ढोल बाजूला झाला, आणि अकरा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी पदराने माझी धूळ पुसली आणि त्यांना अरबी समुद्रावरचा फुगवटा दिसला. जिथून मोजायचं, नेमकं तिथेच माझं अंग बिघडलेलं होतं.

"चूक माझीच," त्या हळूच म्हणाल्या. "तुला इथं ठेवू द्यायला नको होतं."

मित्रांनो, त्यांनी घाई केली नाही. घरी नेऊन फुगलेला कागद वाफेने मऊ केला, खाली गव्हाच्या पिठाची खळ लावली आणि पट्टी बसवून तिच्यावरून अंगठा फिरवला. त्या म्हाताऱ्या कारागिरासारखाच. दोन दिवस मी सावलीत वाळलो. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी पुन्हा इचरजबाईंच्या बैठकीत होतो.

गौतमचंद म्हणाला, "मॅडम, तीस वर्षं कापड मोजतोय. पसरून, ताणून. गोळा करून मोजलं तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं न्हाई."

"बरोबर आहे. मग थोडं कापडच आणा. मांजरपाट चालेल."

त्याने नकाशाएवढा तुकडा आणला. नंदाबाईंनी तो माझ्या कमरेभोवती, विषुववृत्तावर गुंडाळला. तिथे तो चपखल बसला. "आता चुणी न पाडता वरपर्यंत बसवा."

गौतमचंदने हाताने कापड सारखं केलं. जालन्याच्या ठिपक्याशी लहान चुण्या पडल्या. त्याने त्या दाबल्या, तर शेजारी उठल्या. उत्तर ध्रुवापाशी तर घागऱ्याचा घेर गोळा झाला.

"कापड जास्त होतंय," तो म्हणाला.

"कापड तेवढंच आहे. पृथ्वी वर निमुळती होते, आणि तुमचा नकाशा सगळीकडे सारखाच रुंद आहे. तुम्ही या चुण्यासुद्धा मोजल्यात, गौतमचंदजी."

तो चुण्यांकडे बघत राहिला. मग हसायला लागला. "म्हणजे गिऱ्हाइकाला न्हाई, आईलाच जास्त कापड दिलं!"

"हसतोस काय," इचरजबाई म्हणाल्या, "मला मोजून दाखवा." त्यांनी चांदीची डबी उघडली. लाल दोरा फिका झाला होता.

नंदाबाईंनी आधी दोऱ्याचीच परीक्षा घेतली, कारण चोवीस वर्षांत दोरा आखडू शकतो आणि ओलीने मी फुगू शकतो. दोरा पृथ्वीच्या घेराचा दहावा हिस्सा होता. त्यांनी तो विषुववृत्तावर टोकाला टोक लावून ठेवत नेला. आठ झाले, नऊ झाले. दहाव्या वेळी टोक निघाल्या जागेवर येऊन टेकलं. ना कमी, ना जास्त.

मग त्यांनी एक टोक जालन्याच्या ठिपक्यावर धरलं. "दुसरं तुम्ही धरा, काकीजी."

इचरजबाईंनी चष्मा नीट केला. दोरा माझ्या अरबी समुद्रावरून, नुकत्याच चिकटलेल्या पट्टीवरून, वाळवंटावरून गेला. तांबडा समुद्र संपला, मासावाचा ठिपका आला, आणि दोरा त्याच्याही पुढे उरला.

"किती उरला?" गौतमचंदने विचारलं.

नंदाबाईंनी मोजपट्टी लावली. "तीन मिलिमीटर. म्हणजे सव्वाशे किलोमीटर. मी गणितानेही दोनदा काढलं. अंतर तीन हजार आठशे ऐंशी आहे."

माझ्या आयुष्यात माझ्यासाठी पुष्कळ टाळ्या वाजल्या. पण त्या सकाळी टाळी वाजवली ती अडुसष्ट वर्षांच्या इचरजबाईंनी, एकदाच, लहान मुलीसारखी.

गौतमचंदच्या मनात मात्र अजून एक शंका होती. "माँ, वरच्या दिशेचं काय? विमान दहा-अकरा किलोमीटर वर जातं."

इचरजबाईंनी डबीतला कागद त्याच्या हातात दिला. वरच्या दिशेपुढे लिहिलं होतं : पंचवीस किलोमीटर.

"एक्क्याऐंशी सालात तू इतकं वर कशाला ठेवलंस?"

"विमान कितीक वर जातं ते मी तवाच इचारून घेतलं होतं," इचरजबाई म्हणाल्या आणि खाखऱ्यांचे डबे काढायला उठल्या. "तुम्ही कुणी इचारलंच न्हाई, मला जायचं होतं का म्हणून."

मार्चमध्ये त्या गेल्या. महिनाभर राहिल्या. परत आल्या तेव्हा ऊन लागून त्यांचं नाक रापलं होतं आणि पिशवीत मासावाच्या किनाऱ्यावरचं मूठभर मीठ होतं. त्यांनी माझ्यासमोर बसून नंदाबाईंकडून टाक मागून घेतला. माझ्यावर त्या देशाची सीमा नव्हती, नावही नव्हतं. चौथीतल्या सुवाच्य अक्षरात त्यांनी मासावाशेजारी लिहिलं : एरिट्रिया.

आता मी नंदाबाईंच्या टेबलावर, भिंतीच्या ओलीपासून दूर असतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूवरची नावं मागे पडतात. ती नवी लिहिता येतात. पण माप एकदा बिघडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ती वस्तू खोटं बोलायला लागते आणि तिला ते कळतही नाही. तुमच्या शाळेत मोजायच्या वस्तू असतील तर त्या कोरड्या जागी ठेवा. अधूनमधून त्यांची परीक्षा घ्या. तीन मिलिमीटर म्हणजे थोडंच, असं म्हणू नका. तेवढ्या जागेत एका बाईचा अख्खा समुद्र मावला होता.