'ले'चा 'ला'

शाळेला उद्योगाचा पुळका आला ते साल १९७९. नुसत्या पुस्तकी शिक्षणानं पोरं बिनकामाची होतात, असं वर कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि शहराच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेनं वाडी नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीशी सूत जुळवलं. विषयाचं नाव कार्यानुभव. दहावीच्या दोघींनी दर शनिवारी कंपनीच्या ऑफिसात काम शिकायचं, आणि परीक्षेनंतर त्यांतल्या एकीला फोनवर कायमची नोकरी. कंपनीला फुकटचे हात मिळाले, शाळेला मिरवायला झालं. अशा वेळी सगळ्यांचंच भलं झालं असं म्हणायची पद्धत आहे.

निवड झाली वासंतीची आणि गोपिकाची. वासंती वकिलाची मुलगी, तिला घरी बसून कंटाळा येत होता. गोपिका हुडकेश्वरची, आणि तेव्हाचं हुडकेश्वर म्हणजे निव्वळ खेडं. तिच्या बापानं, रुपरावनं, उमरेडकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. "नोकरी लागली तं थांबतो," तो म्हणाला होता, "नाही तं उन्हाळ्यात बार उडवून देतो." गोपिकाला लग्न नको होतं. तिला तो फोन हवा होता.

पहिल्याच शनिवारी तिनं फोन उचलला आणि बिनधास्त सांगितलं, "गाडी अमरावतीले गेली जी!" मॅनेजर हरकरे साहेबांनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "बाळ, हे ऑफिस आहे, बैलबाजार नाही." बाहेर ड्रायव्हर, हमाल, चहावाला, सगळे 'ले' लावूनच बोलत होते आणि कंपनी त्यांच्याच जिवावर चालत होती. पण फोनला म्हणे वेगळं तोंड लागतं.

गोपिका रडत सिंधूबाईंकडे गेली. कार्यानुभव त्याच बघत. बाई वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "अगं, सोपं आहे. तोंडात 'ले' आलं की त्याचा 'ला' करायचा. विचारच करायचा नाही." कोणता 'ले' प्रत्ययाचा आणि कोणता शब्दाचाच, हे सांगायला बाईंना फुरसत नव्हती.

पोरीनं ध्यास घेतला. विहिरीवर, गोठ्यात, न्हाणीत, सगळीकडे 'ला'. तिची आई सुभद्रा पदर तोंडाला लावून हसायची. "म्हशीले समजते का वं तुया 'ला'?" गोपिका फणकारायची, पण हसायचीही.

शेवटच्या शनिवारी हरकरे साहेबांनी तिची परीक्षा घेतली. भैयाजी इंगोले हे सरकीचे बडे व्यापारी, कंपनीचं सगळ्यांत जाड गिऱ्हाईक. त्यांना माल निघाल्याचं कळवायचं होतं. साहेब समोर उभे, बाजूला वासंती. गोपिकानं शब्द न् शब्द घोटून ठेवला होता.

"नमस्कार, इंगोला साहेब! आपला माल हिंगणघाटला निघाला."

पलीकडून भैयाजींचा आवाज आला, आणि तो असा की त्यांना फोनची गरजच नसावी. सगळ्या ऑफिसानं ऐकला.

"कोन इंगोला? मायं आडनावच बदलवून टाकलं का वं? कोन्या गावची तू?"

"हुडकेश्वरची, साहेब."

"अवं, मंग सरळ बोल ना! काहून जीभ वाकडी करून राहिली?"

भैयाजी स्वतः अस्सल वऱ्हाडी. गोपिकाला वाटलं, आपलाच माणूस भेटला, आता हा सांभाळून घेईल. पण भैयाजींनी साहेबांना फोनवर बोलावलं आणि हसत हसत म्हणाले, "हरकरे साहेब, फोनवर शिकलेली पोरगी ठेवा जी. आमच्यासारख्या तं आमच्या घरीच लय आहेत."

ऑफिस पोट धरधरून हसलं. वासंती हसली नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. नोकरी मात्र तिनं घेतली. पुढं चार महिन्यांत कंटाळून सोडलीही, पण तोवर उशीर झाला होता.

त्या संध्याकाळी गोपिका घरी आली तेव्हा सुभद्रा चुलीपाशी भाकरी थापत होती. "काय झालं वं? कोनाले घेतलं त्याइनं?"

"कोनाले नाही, कोणाला!" गोपिका किंचाळली. "कोणाला म्हण! तुझ्या ह्या बोलण्यापायीच माझं वाटोळं झालं!"

मार बसला भैयाजींचा आणि वळ उठले आईच्या अंगावर. हे तिला बोलतानाच कळत होतं, तरी तोंड थांबेना. ओसरीवरून रुपराव शांतपणे म्हणाला, "झालं मंग. उद्या उमरेडले निरोप धाडतो." गोपिका भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बऱ्याच वेळानं सुभद्रा ताट घेऊन जवळ आली. बसली. मग शाळेत पहिल्यांदा उभी केलेली पोर धडा म्हणते तशी, एकेक शब्द चाचपत म्हणाली,

"गोपिका, तुला… भाकर वाढू का?"

आणि आपण बरोबर बोललो की नाही, म्हणून भीत भीत लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.