आरोहीने कापून घेतलेले चार गुण

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. धारूरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म दूर अंबाल्याच्या कारखान्यातला. लाकडी पेटीत बसून मी इथं आलो. सगळ्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले, मला हार घातला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. सात वर्षं मी आतच. तपासणीला साहेब आले की मला पुसून टेबलावर मांडायचे, साहेब गेले की पुन्हा कपाट. मुलं मात्र दरवर्षी माझी आकृती काढून, भागांना नावं देऊन पूर्ण गुण घ्यायची. ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या वह्यांत मी होतो!

मग उज्ज्वला मॅडम बदलून आल्या. "किल्ली सापडत न्हाई," शिपाई पंडितमामा म्हणाले. मॅडमनी कुलूपच तोडायला लावलं. माझ्या भिंगांवर बुरशी धरली होती. मऊ कापडानं ती पुसायला त्यांना अख्खी दुपार लागली.

नववीच्या प्रात्यक्षिकाला त्यांनी कांद्याचा पापुद्रा माझ्याखाली ठेवला. पेशी पाहायच्या, चित्र काढायचं, दहा गुण. एकेक जण आला, वाकला, मान डोलावून गेला. चित्रं सुरेख आली. बहुतेकांना दहापैकी दहा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आरोही आली. तिचे वडील बजरंग मेंढरं राखतात. बराच वेळ ती दारातच उभी होती.

"मॅडम, मला पेशी दिसल्याच न्हाईत. माझ्याच पापण्या दिसल्या. चित्र पुस्तकातलं काढलं."

मॅडमनी चष्मा काढला. "मग दहाचे सहा होतील, आरोही."

"होऊ द्या. पण मला दाखवा."

मॅडमनी तिचा हात धरून स्क्रू हळूहळू फिरवायला शिकवलं. माझा आरसा उजेडाकडे वळवला. एकदम पेशी स्पष्ट झाल्या. आरोही डोळाच काढेना.

तिसऱ्या दिवशी दारात तिच्याच वर्गातला सोमेश्वर होता, त्याच्यामागं आणखी नऊ जण. "मॅडम, आमाला बी न्हाई दिसलं."

निकाल लागल्यावर बजरंग शाळेत आले. "म्याडम, पोरीचे मार्क कावून कापले? हिला नर्सिंगला घालायचंय. तिथं मार्कच बघतेत ना?"

"मीच कापाया लावले, आबा," आरोही म्हणाली आणि त्यांना माझ्याकडे घेऊन आली. "वाका. हां, जरा लांबून. पापणी लागू देऊ नका."

बजरंग वाकले. "आरं तिच्या! ईटा रचल्यावानी हायेत की!" मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "मेंढराच्या लेंडीतले जंत बी दिसतेत का गं यातून?"

"त्यांची अंडी दिसतील. उद्या आणा, बघू या," मॅडम म्हणाल्या.

"आणतो. पण पुढच्या येळंला मार्क बी आण बाई," असं लेकीला म्हणून ते गेले, तेही हसत.

मॅडम काचपट्ट्या धुवत होत्या. "मामा," त्या पंडितमामांना म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली शिकवते. अर्धा गुण वाढवा म्हणणारी मुलं लई भेटली. गुण कापा पण दाखवा म्हणणारी ही पहिलीच." धुतलेलीच काचपट्टी त्यांनी पुन्हा धुतली.

आता मी पुरता वापरात आहे. स्क्रू ढिला झालाय, त्याला रबर बांधलंय. आरशाचा कोपरा उडालाय. लेंडीपासून डबक्यातल्या पाण्यापर्यंत काय काय माझ्याखाली येतं! मला त्याची तक्रार नाही. विनंती एवढीच, की तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ कपाटात बंद असेल, त्याला बाहेर काढा. तो झिजला तर झिजू द्या.

बरं, आता थांबतो. आठवीतली संगीता मुंगीचा पाय घेऊन आली आहे.