‘दोन्ही’पाशी थांबवलेली फीत

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. माझा रबरी पट्टा सैल पडल्यामुळे आवाज तसाही खाली लागतो. त्याला हळवेपणा समजू नका.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबच लांब टेबलावर झाला. ज्या बाईने मला जोडलं, तिने माझ्यात फीत घालून एक ते दहा आकडे म्हटले. मी ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवले. “छान,” ती म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातलं. पुढे बरीच वर्षं मला कोणी छान म्हटलं नाही.

माझं काम तसं सोपं आहे. फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडची अगदी बारीक पूड बसवलेली असते. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते आणि आवाजाप्रमाणे त्या पुडीतल्या कणांना चुंबकत्व मिळतं. नोंदवताना मी फक्त लिहीत असतो. काय लिहिलं ते वाजवल्यावर मलाही पहिल्यांदाच ऐकू येतं. यात चांगलं-वाईट काही नाही. चांगलं-वाईट सुरू होतं ते माणसाचं बोट माझ्या बटणावर आलं की.

मला एका अध्यापक विद्यालयाने घेतलं. तिथे इंग्रजी शिकवणारे शिक्षक तयार होत. माझी जागा खिडकीजवळच्या टेबलावर होती. समोर फळा, फळ्यावर एक पाटी: ‘या खोलीत फक्त इंग्रजीच बोलावे.’ ही पाटी मात्र आपल्याच भाषेत होती, कारण इंग्रजीत लिहिली असती तर नव्या तुकडीतल्या निम्म्या जणांना ती कळली नसती. पाटी लावणाऱ्यांना यात काही विचित्र वाटलं नाही.

पाटी लावणाऱ्यांना सगळे पाठीमागे ‘उच्चारसर’ म्हणत. सरांचे स्वतःचे उच्चार खरोखर सुरेख होते. फक्त ओरडताना ते आपल्या भाषेत ओरडत. “किती वेळा सांगायचं, आपल्या भाषेत बोलायचं नाही म्हणून!” असं ते आपल्या भाषेत म्हणत आणि मागच्या बाकावरचे तोंडावर वही धरत.

दर शनिवारी माझा तास असे. प्रत्येकाने माझ्यासमोर एक मिनिट वाचायचं. मग सर फीत मागे घेत, नेमकी चूक शोधत, ती वाजवत आणि खटकन मला थांबवत. पुन्हा मागे, पुन्हा चूक, पुन्हा खटकन. आपल्या भाषेत ‘व’ एकच. इंग्रजीत दोन, एक ओठ गोल करून म्हणायचा आणि एक खालच्या ओठावर दात टेकवून. त्यामुळे आठवड्याला दहा-बारा जण तरी त्यात सापडत.

एका शनिवारी ‘लेबलताई’ सापडली. ती आधी आठ वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. बाटल्यांवर लेबलं चिकटवता चिकटवता ती वरची इंग्रजी अक्षरं वाचायला शिकली, मग शब्द, मग रात्रशाळा. एकतिसाव्या वर्षी नोकरी सोडून ती इथे आली होती. तिच्या लहान मुलीला धाकटी बहीण सांभाळत असे. “ताई, एक वर्ष तुझं. पुढचं वर्ष माझं, तेव्हा मला अडकवायचं नाही,” असं बहिणीने बजावलं होतं. म्हणजे लेबलताईकडे नापास व्हायला जागाच नव्हती.

“सूर्य पश्चिमेला मावळतो,” असं इंग्रजी वाक्य तिने वाचलं होतं. सरांनी त्यातला ‘वेस्ट’ हा एकच शब्द तीनदा वाजवला; ओठावर दात टेकला की त्याचा ‘व्हेस्ट’, म्हणजे बनियन होतो.

“काय हो लेबलताई, सूर्य कुठे मावळला म्हणालात? पश्चिमेला की बनियनमध्ये?”

वर्ग हसून लोटपोट झाला. ती हसली नाही, रडलीही नाही. मधल्या सुट्टीत ती परत आली, तिने माझं झाकण उघडलं आणि काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून माझं लिहिणारं डोकं, म्हणजे फितीला टेकणारं हेड, पुसलं. तिथे तीन वर्षांचा तपकिरी थर होता. “आधी उपकरण स्वच्छ पाहिजे, मग माझी चूक,” ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिने ते दोन्ही ‘व’ शंभर वेळा म्हटले. पुढच्या शनिवारी सरांना तिच्या फितीवर वाजवण्यासारखं काही मिळालं नाही. त्या दिवशी त्यांनी तिच्याबद्दल एक अक्षरही काढलं नाही. चूक वाजवायची तीनदा आणि सुधारणा एकदाही नाही, हा कुठला हिशेब?

मग अंतिम पाठ आले. शेजारच्या शाळेतल्या सहावीच्या वर्गावर पस्तीस मिनिटं शिकवायचं. बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंना सगळ्यांचे पाठ बघणं जमणार नव्हतं, म्हणून काही जणांचे पाठ माझ्यावर नोंदवून ठेवले. लेबलताईचा त्यातलाच. सर वर्गात मागे बसले होते आणि सातव्या मिनिटाला शेरा लिहून उठून गेले होते.

दोन दिवसांनी परीक्षक बाई आल्या. खोलीत तिघंच, बाई, सर आणि दाराजवळच्या खुर्चीत लेबलताई. टेबलावर मी.

“या पाठात फार वेळ घालवायला नको,” सर म्हणाले. “सहाव्या मिनिटाला घोडचूक आहे. तेवढं ऐका, तोवर चहा येतोच आहे.”

त्यांनी मला सुरू केलं. लेबलताईचा आवाज आला, सावकाश आणि स्वच्छ. चित्र दाखवून ती म्हणत होती, “वी आर गोइंग टु द गार्डन.” मुलं मागून म्हणत होती. मग एक चिरका आवाज उठला.

“टीचर, वी म्हणजे आपण की आम्ही?”

“मुकाट्याने म्हण ना,” कुणीतरी तिला दटावलं.

“अगं पण आम्ही म्हटलं तर टीचर घरीच राहणार. आपण म्हटलं तर त्या पण येणार बागेत!”

त्यानंतर सात सेकंद काहीच नाही. सात सेकंद म्हणजे तेहतीस सेंटिमीटर फीत. त्या तेहतीस सेंटिमीटरमध्ये एक बाई नियम पाळायचा की उत्तर द्यायचं, हे ठरवत होती.

“दोन्ही,” फितीवरची लेबलताई म्हणाली.

खटकन सरांनी मला थांबवलं.

“ऐकलंत? दोन्ही! इंग्रजीच्या तासाला, अंतिम पाठात!” त्यांनी फीत मागे घेतली. दोन्ही. पुन्हा मागे. दोन्ही. “वर्षभर घसा फोडला मी यांच्यापुढे.”

“पुढे ऐका, सर,” दाराजवळून आवाज आला.

“पुढे काय असणार? एकदा घसरलं की घसरलं.”

“पुढे ऐका.”

“लेबलताई, तुम्ही तर प्रयोगशाळेतल्या. बाटलीवरचं लेबल चुकलं की आत काय आहे ते कोण बघतं?”

ती उठली आणि टेबलाशी आली.

“आम्ही बघायचो, सर. लेबल चुकलं म्हणून बाटली मोरीत ओतत नाहीत. आत कुणाचं तरी रक्त असतं. ज्याचं असेल त्याला शोधतात, पुन्हा विचारतात, पुन्हा तपासतात. तुम्ही वर्षभर नुसती ओतलीत. बटणावरून बोट काढा.”

“ही काय बोलायची पद्धत झाली?”

“नाही झाली. बोट काढा.”

तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. परीक्षक बाईंनी तेवढ्यात आलेल्या चहाच्या कपावर बशी झाकून ठेवली. “लावा पुढे,” त्या म्हणाल्या.

आणि मित्रांनो, त्या ‘दोन्ही’च्या पुढे काय आहे ते मी पहिल्यांदा ऐकलं.

“इंग्रजीत त्यांना एकच शब्द पुरतो,” लेबलताई मुलांना सांगत होती. “त्यात कोण आलं आणि कोण बाहेर राहिलं, ते आपण शेजारच्या वाक्यावरून ओळखायचं.” एवढंच. त्यानंतर शेवटपर्यंत तिने इंग्रजी सोडलं नाही. खिडकीकडच्या रांगेने दाराकडच्या रांगेला ऐकवलं, “वी आर गोइंग. यू आर नॉट!” दाराकडून ओरडा झाला. मग दाराकडच्या रांगेने उलट ऐकवलं, “वी आर गोइंग. कम विथ अस!” बाकं सरकल्याचे आवाज आले. एरवी तोंड न उघडणारी पोरंसुद्धा भांडायला मिळतंय म्हणून इंग्रजीत भांडत होती. शेवटी तोच चिरका आवाज, “टीचर, वी आर ईटिंग युवर चॉक!”

“हू इज वी?”

“ऑल! यू ऑल्सो!”

परीक्षक बाई मोठ्याने हसल्या. मग घंटा वाजली आणि फीत संपली.

“सर, हा शेरा तुम्ही किती मिनिटं ऐकून लिहिलात?” बाईंनी विचारलं.

“सहा. त्यानंतर गरजच...”

“पाठ पस्तीस मिनिटांचा आहे,” बाई म्हणाल्या. “आणि त्या मुलीने जे विचारलं, ते चाळीस वर्षं शिकवून मला कधी सुचलं नाही. तुम्हाला सुचलं होतं?”

बाईंनी सरांचा शेरा पेन्सिलीने नाही, शाईने खोडला आणि खाली ‘उत्तीर्ण’ लिहिलं.

बाहेर पडताना सर पुटपुटले, “नशीब काढलंत.”

“नशीब नाही, सर. फीत होती,” ती म्हणाली आणि चप्पल घालून चालती झाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं चांगलं झालं, मग राग कशाचा? ऐका. लेबलताईच्या पाठासाठी माझ्यात घातलेली फीत कोरी नव्हती. तिच्यावर आधीच्या वर्षीच्या एकीचा पाठ होता. ती मुलगी इतकी हळू बोलायची की आवाज दाखवणारी माझी सुई वर चढत नसे. तिचा पाठ सरांनी सगळ्या वर्गासमोर लावला, चौथ्या मिनिटाला एका शब्दावर मला थांबवलं आणि तो शब्द पाच वेळा वाजवला. तिने दप्तर उचललं, “येते,” असं शेजारणीला म्हणाली आणि परत आलीच नाही. तिला घेऊन यायला कोणी गेलं नाही. एकतीस मिनिटं वाजवायची राहिली, ती नंतरही कोणी वाजवली नाहीत.

माझी रचना अशी आहे की नवं नोंदवण्याआधी जुनं पुसलं जातं. पुसणारं डोकं आधी येतं, लिहिणारं मागून. लेबलताईचा एकेक शब्द मी त्या मुलीच्या शब्दावरून हात फिरवून लिहिला. तीसुद्धा कुणाला हसवत असेल. तिच्या वर्गातही कुणी असा प्रश्न विचारला असेल. माझ्यासमोरून गेलेली ती एकतीस मिनिटं मी लिहिली आणि मीच पुसली. ती मी एकदाही ऐकली नाही, आता कोणीच ऐकणार नाही. अशा किती मुली, किती फिती, ते मोजायला माझ्या फीत मोजणाऱ्या चाकांवर तीनच आकडे आहेत.

हल्ली मी कपाटात असतो. बाहेर तुमच्या हातात माझ्याहून लहान आणि चलाख यंत्रं आली आहेत. त्यांच्यावर थांबवायचं बटण दाबल्याचा आवाजसुद्धा होत नाही. कुणाचं तरी एक चुकलेलं वाक्य कापून घेता, सगळ्यांना पाठवता आणि हसता. कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू येतं.

माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पट्टा बदलला नाहीत तरी चालेल. पण कोणी नवी भाषा बोलायला तोंड उघडलं, तर बोट आवरा. ते वाक्य चुकलेलं असू द्या, पण पुरं होऊ द्या.