टरकूचे हात

मी टरकूच्या कॉमिकचा पहिला अंक बोलतोय. आवाज कापतोय, तेवढं सांभाळून घ्या. आत्ता मी दवाखान्याच्या बाकावर, आत्याच्या मांडीवर आहे, आणि माझं एक पान माझ्याजवळ नाही.

टरकू म्हणजे माझ्यातला महानायक. हे नाव त्याला आईवडिलांनी दिलेलं नाही, गल्लीतल्या पोरांनी दिलंय, कारण तो कशालाही घाबरायचा. कुत्र्याला, अंधाऱ्या जिन्याला, बाईंनी नुसती हाक मारली तरी. पण घाबरला की त्याचे हात थरथरायचे, आणि ती थरथर जमिनीत उतरून समोरची भिंत पाडायची. भीती नाही तर शक्तीही नाही. म्हणून माझ्या चित्रकाराने त्याचे हात कधी एका रेघेत काढलेच नाहीत. एकेका बोटाला तीन-तीन, चार-चार वाकड्या रेघा. छापखान्यात तर शाई फिसकटली समजून माझी पानं बाजूला काढली होती. तेव्हा जी धास्ती बसली ती आजतागायत गेली नाही.

दुकानातून मला एका मुलीने उचललं. तीही भित्रीच. वर्गात उभं राहून बोलायचं असलं की आदल्या दिवशी मला उशाशी घेऊन बसायची. माझ्यातले हात पाहून पाहून ती चित्र काढायला शिकली, मोठी झाली, एका ॲनिमेशन स्टुडिओत लागली. भावाला मुलगी झाली तशी ती घरात आत्या झाली, आणि मी त्या भाचीच्या हाती आलो. माझ्या चौथ्या पानावरचा दुधाचा डाग तिचाच.

मग एक दिवस आत्या नाचतच घरी आली. तिच्या स्टुडिओने टरकूवर ॲनिमे मालिका करायला घेतली होती. नमुना म्हणून मला तिने स्वतः नेलं. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू. तिथे एकाने मला चाळून सांगितलं की पानं सुटी केल्याशिवाय स्कॅन नीट येणार नाही. कापायच्या यंत्रावर मला आडवं ठेवलं. वरचं पातं खाली येताना मी पाहिलं. आत्याने मात्र तोंड फिरवलं. माझा कणाच गेला, आणि तेव्हापासून मी रबर लावलेला सुट्या कागदांचा गठ्ठा आहे.

त्याहून वाईट पुढेच होतं. बैठकीत निर्माते म्हणाले की भित्रा हीरो कोण बघणार. दिग्दर्शकांची अडचण वेगळी होती. हात थरथरता दाखवायचा तर तो पुन्हापुन्हा नव्याने काढावा लागतो, तेवढा वेळ आणायचा कुठून? ठरलं, रेघ एकच आणि स्वच्छ. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं, कारण टरकू तिच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. तिने तोंड उघडलं आणि 'ठीक आहे' म्हणाली. टेबलाखाली तिची बोटं माझ्यावर होती, ती कापत होती. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर एवढंही बोललो नसतो.

मालिका लागली तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर बसलं. भाची सगळ्यांत पुढे. तिच्या कानाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि रोज संध्याकाळी ती 'दुखेल का' असं विचारत होती. तरी तिने मनाशी पक्कं केलं होतं की टरकूसारखं घाबरत घाबरतच जायचं.

पडद्यावर टरकू आला. केस उडताहेत, डोळ्यांत दिवे लागलेत. प्रत्येक ठोशाचं नाव तो एवढा वेळ ओरडून सांगायचा की तेवढ्यात शत्रू घरी जाऊन जेवून आला असता. मारामारीत तीच तीन चित्रं आलटून पालटून, हलत होते ते फक्त ओठ. आणि हात? दुकानातल्या पुतळ्याचे असतात तसे गुळगुळीत. शेवटी भाऊ म्हणाला, रंग छान आहेत. माणसं असं कधी म्हणतात ते मला चांगलं कळतं.

भाचीने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आत्या, टरकू आता घाबरत नाही. मग मी एकटीच राहिले."

त्या दिवसापासून तिने मला हात लावला नाही. टीव्हीतला खरा, हा जुना चुकीचा, असं तिचं म्हणणं. आवराआवरीत भावाने मला रद्दीत टाकलं. माझ्यावर वर्तमानपत्रं चढत गेली आणि मी सुतळीची आणि तराजूची वाट बघत पडलो. आपली पानं कुणाच्या पुड्या बांधायला जातील, हा विचार करून बघा एकदा.

आज सकाळी दवाखान्याची पिशवी भरलेली दिसताच भाची पलंगाखाली शिरली. तिच्या बाबांनी समजावलं, रागावले, तरी बाहेर येईना. तेव्हा आत्याने रद्दी उपसून मला काढलं आणि फरशीवर बसली.

"तो अजून घाबरतोच गं," ती म्हणाली. "त्याची थरथर आम्ही पुसली. मला नको म्हणायचं होतं, पण मी घाबरले."

"तू?"

आत्याने हात पलंगाखाली धरला. तो हलत होता. भाचीने तो पाहिला, माझं सतरावं पान, टरकूच्या भिंत पाडणाऱ्या थरथरत्या हातांचं, पाहिलं, पुन्हा हात पाहिला. मग बाहेर आली आणि ते पान माझ्यातून काढून घेतलं. कणा असता तर फाटलं असतं. अलगद निघालं.

ऑपरेशनच्या दाराशी नर्स म्हणाली की कागद आत चालत नाही. मग तिने पोरीची मूठ पाहिली आणि म्हणाली, "माझ्याकडे दे. जागी झालीस की पहिलं हेच हातात देईन."

दार बंद झालं, ते अजून उघडलेलं नाही. आत्याचा हात माझ्यावर आहे आणि मी कापतोय की ती, सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी पुढे टरकू काढायला घेतलाच, तर त्याचे हात नीटनेटके करू नका, एवढंच मागणं आहे.

आत्या मला चाळतेय. सोळाव्या पानावर टरकू भिंतीसमोर उभा आहे. त्यानंतर एकदम एकोणिसावं येतं आणि तो भिंतीच्या पलीकडे दिसतो. मधलं पान आत आहे.