कौलाचा दगड

सुगतने गाडीची डिकी दोन्ही हातांनी दाबून बंद केली आणि तळव्यांना लागलेलं तेल विजारीला पुसलं. दगड पोत्यात, पोतं घोंगडीत आणि घोंगडीवर कॉलेजच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, असा सगळा बंदोबस्त होता. तरी त्याने मागच्या काचेतून पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं.

"निघा आता सर," इरप्पा पुजारी दबक्या आवाजात म्हणाला. "म्हाळसा मेंढरं पाजून यायच्या आत निघा. आज आईतवार हाय. बारा वाजल्यावर कौलाला मान्सं येत्यात."

खरं तर दहालाच निघायचं ठरलं होतं. पण सुगतला धीर निघाला नाही. बीरप्पा देवाच्या चौथऱ्यावरून दगड खाली घेतल्या घेतल्या त्याने तिथंच लोहचुंबक लावून पाहिला. शेंदराचं पूट नखाने खरवडून खालची जळकी काळी साल पाहिली. मग दगड काट्याला टांगला. साडेपंधरा किलो भरला. त्याच्या जागी बसवायला आणलेला काळा पाषाण दिसायला अगदी जुळा भाऊ होता, पण तेरा किलोच. आभाळातून पडलेल्या दगडाच्या अंगात लोखंड असतं, ते पाषाणात कुठून येणार? अडीच किलोंचा फरक बोटांना कळत नाही, असं तो इरप्पाला म्हणाला होता. इरप्पाने त्या पाषाणाला तेल-शेंदूर फासून त्याचा बीरप्पा केला होता.

सुगत कलबुर्गीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. घरी त्याचं काचेचं कपाट होतं. त्यात अकरा अशनी, म्हणजे असेच आभाळातून पडलेले दगड, परदेशातून टपालाने मागवलेले, एकेकाच्या प्रमाणपत्रासकट. कपाटापुढे उभा राहिला की त्याला वाटायचं, घर पाहुण्यांनी भरलंय आणि घरचं माणूस एकही नाही. हा बारावा दगड निर्ण्याच्या माळावर पडलेला, त्याच्या स्वतःच्या गावच्या. इरप्पाच्या आजोबांनी तो भरदिवसा पडताना पाहिला होता. सहा वर्षं सुगत दर सुट्टीला इथं येऊन बसत होता. सरकारी खात्याला कळवायला हवं हे त्याला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि हाव वेगळी. शिवाय त्याच्या आजोबांना कौल मागायला पलीकडच्या लिंबाखाली उभं राहावं लागे. दगडाला हात लावायची मुभा नव्हती. आज तोच दगड सुगतने छातीशी धरून गाडीपर्यंत नेला होता.

इरप्पाची अडचण निराळी. बीरप्पाच्या डोक्यावर छप्पर नव्हतं आणि त्याला मरायच्या आत पत्र्याचा मंडप घालायचा होता. देव विकून देवाला घर बांधायचं, हे त्याचं त्यालाच नीट पटवता आलं नसतं. म्हणून त्याने बायकोला, म्हाळसाला, काही सांगितलं नव्हतं.

सुगतने किल्ली फिरवली आणि आरशात पाहिलं. मागून धुरळा उडवत एक जीप आली ती बरोबर त्याच्या गाडीमागे आडवी थांबली; पुढे चौथरा, मागे जीप.

जीपमधून राजेश्वर गावचे माणिकराव उतरले, मागोमाग त्यांची पुतणी नागरत्ना. पोरगी तेवीस-चोविसाची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी जुळलेली होती. इरप्पाने पुढे केलेला तांब्या तिने डाव्या हाताने घेतला.

"चार महिने झाले पोरगी आमच्याकडं हाय," माणिकराव चौथऱ्याच्या कडेला टेकत म्हणाले. "हिचा बाप न्हाई, म्हनून मीच बघायचं. परवा हिच्या सासरची मान्सं येऊन गेली. पुन्हा हात उचलनार न्हाई म्हनलेत. धाडावं का न्हाई, बीरप्पाला इचारू. त्यो म्हनंल तसं."

इरप्पाचा चेहरा उतरला. "आज कौल राहू द्या, माणिकराव. माझ्या अंगात कणकण हाय."

"तुमची बोटं कुठं लागत्यात इरप्पाण्णा? म्हाळसाअक्काची लागत्यात. येऊ द्या की अक्काला."

सुगत गाडीतून उतरला. जीप काढायला सांगावं म्हणून पुढे झाला, तर इरप्पाने त्याचा दंड धरला. "थांबा सर. मी एकटा पडंन," तो पुटपुटला.

कौलाची रीत सुगतला पाठ होती. दोन माणसं समोरासमोर बसायची, दोघांची दोन-दोन बोटं दगडाखाली. एकीकडे ज्याचा प्रश्न तो, दुसरीकडे पुजाऱ्याची बायको. दगड सरळ, सपाट वर आला तर देव हो म्हणाला. जागचा हलला नाही किंवा एका अंगाला कलला, तर नाही. सहा वर्षांत त्याने वहीत टिपलेल्या कौलांत लेक सासरी धाडू का, असा प्रश्न नऊ वेळा आला होता आणि दगड एकदाही उठला नव्हता. त्याने त्याचं शास्त्रही लावून ठेवलं होतं. माणूस आकार बघून जोर लावतो, दगड दिसतो त्याहून जड, म्हणून बोटं कमी पडतात. त्यात मन कचरत असलं की आणखी कमी.

आता चौथऱ्यावर तेरा किलोचा पाषाण होता आणि माणिकराव मनगटाने दणकट होते. दगड उठणार. या माळावर हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं.

नागरत्ना लिंबाच्या सावलीला बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो तिच्याजवळ गेला.

"शिकलीस कुठवर?"

"बारावी झाली सर, पीयूसी. कलबुर्गीला होते."

"मग?"

"मग लगीन."

"तुला जायचंय का परत?"

तिने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "मला कोन इचारलंय सर? त्याला इचारायलेत," ती चौथऱ्याकडे मान करून म्हणाली.

एवढ्यात मेंढरांचा कालवा ऐकू आला. म्हाळसा आली. साठीची, काटक, डोईवर पदर, हातात काठी. मेंढरं वाड्यात घालून तिने हातपाय धुतले आणि सुगतच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"भाकरी खाल्ल्याबिगर निगालाव व्हय सर? बसा. कौल झाला की वाढते."

तिने माणिकरावांचं सगळं ऐकून घेतलं. नागरत्नाचा हात हातात घेऊन ती वाकडी बोटं एकदा चाचपली. मग पदर खोचून चौथऱ्यावर दगडापाशी बसली. समोर माणिकराव बसले आणि सुगत कडेला टेकला. इरप्पाने भंडारा उधळला आणि प्रश्न उच्चारला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की माणिकरावांनी तो प्रश्न पुन्हा म्हणायला लावला.

"निर्ण्याच्या बीरप्पा, लेक नांदायला धाडायची आसंल तर सरळ उठ."

म्हाळसाने दोन बोटं दगडाखाली घातली आणि ती थांबली.

तिची बोटं दगडाखाली तशीच राहिली, पण डोळे वर आले. आधी नवऱ्याकडे गेले. इरप्पा जमिनीकडे बघत होता. मग ते सुगतकडे वळले आणि तिथंच राहिले. तीस वर्षं दर आईतवारी ज्या दगडाला तिने तेल चोळलं, तो हा नव्हता. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे सुगतलाही कळलं.

आत्ता उठावं, तो मनाशी म्हणाला. उठून सांगावं, दगड बदललाय, हा कौल धरू नका. मग इरप्पाची अब्रू जाईल. गाव जमेल. कुणीतरी पोलिसात जाईल आणि दगड जाईल तो कुठल्या तरी सरकारी खोलीत, नंबराची चिठ्ठी लावून. त्यापेक्षा कौल होऊ द्यावा आणि मागाहून माणिकरावांना बाजूला घेऊन समजवावं. शिकला-सवरलेला माणूस आहे आपण, आपलं ऐकतील. कलबुर्गीला एखादी बाई वकील गाठून द्यावी. पुष्कळ करता येईल. मागाहून पुष्कळ करता येईल, असं तो मनाला समजावत राहिला आणि जागचा हलला नाही.

"अक्का, उचलायचं का?" माणिकरावांनी विचारलं.

"थांबा जरा," म्हाळसा म्हणाली.

वारा नव्हता. वाड्यात एक कोकरू ओरडत होतं. म्हाळसा अजून सुगतकडेच पाहत होती, रागाने नव्हे, दारात आलेल्या माणसाने काय काम ते सांगावं म्हणून पाहतात तसं. सुगतने मान खाली घातली आणि हातातल्या किल्लीशी चाळा करू लागला.

"हं," म्हाळसा म्हणाली. "उचला."

माणिकरावांच्या मानेची शीर ताणली. त्यांच्या बाजूने दगड चटकन वर आला. म्हाळसाच्या बाजूने तो खालीच राहिला, कलला आणि तिच्या मांडीशी येऊन टेकला.

"न्हाई म्हनायलाय बीरप्पा," ती शांतपणे म्हणाली.

माणिकराव घाम पुसत उठले. दोन वेळा दगडाकडे, एकदा पुतणीकडे पाहिलं. "न्हाई तर न्हाई. देवाच्या पुढं मी कोन? तसंच सांगतो त्येंना," ते म्हणाले, आणि आल्यापासून आवळलेला त्यांचा आवाज सैल झाल्यासारखा वाटला. नागरत्ना तोंडावर पदर धरून रडत होती. इरप्पा चौथऱ्याला पाठ लावून बसला तो बसलाच. माणिकराव जीप बाजूला घ्यायला गेले.

म्हाळसा सुगतपाशी आली. तिने डिकीवर उमटलेल्या तेलाच्या बोटांकडे पाहिलं.

"यात हाय व्हय?"

त्याने मान हलवली. "अक्का, मी आत्ता परत ठेवतो. माणिकराव गेले की लगेच ठेवतो. चुकलंच माझं."

"कामून?" तिने विचारलं. "न्या की. ह्येंनी मंडपासाठी इकला आसंल. मला इचारायचं तेवढं राहिलं."

"पण कौल..."

"त्याचं काय?" म्हाळसा पदराने बोटांचा शेंदूर पुसत म्हणाली. "आत्ता न्हाई का झाला कौल? माझ्या सासूनं बोटं कशी सैल सोडायची ते मला शिकवलं. तिला तिच्या सासूनं. मार खाऊन आलेली लेक ह्या माळावरनं कधी माघारी गेली न्हाई सर. पैला दगड आसू द्या, न्हाईतर ह्यो. बीरप्पाला समदं ठावं हाय, त्यो कधी काय म्हनला न्हाई."

सुगतच्या वहीतले नऊ कौल, त्याखाली लिहिलेलं शास्त्र, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. जीप बाजूला झाली होती.

"मग थांबलात कशाला एवढा वेळ?" त्याने शेवटी विचारलं. "बोटं घालून नुसत्याच बसला होतात."

म्हाळसाने चौथऱ्याकडे, खाली मान घालून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्ये उठनार न्हाईत, ते मला ठावं होतं," ती म्हणाली. "तुमी शिकलेले. वाटलं, तुमी उठताल."

आणि ती नागरत्नाला भाकरी वाढायला गेली.