सातवं टोपडं

“हात ठेवून बघा ताई,” मावशी म्हणाली. “दहा आकडे मोजेपर्यंत हात टिकला, तर मी लगेच पाणी घेते.”

ताईंनी उघड्या बॉनेटखाली वाकून इंजिनाच्या झाकणावर तळवा टेकवला आणि तीन म्हणायच्या आत ओढून घेतला. मग घड्याळ बघितलं. त्यांना वडिलांना घेऊन उजेड आहे तोवर घाट चढायचा होता. वडील आता त्यांच्याकडेच राहणार होते, घराला कुलूप लावून सामान डिकीत भरून झालं होतं, आणि नेमकी निघायच्या वेळी गाडीखाली तेलाचे ठिपके दिसले होते. तेल कुठून गळतंय ते कळायला आधी इंजिनावरचा चिकटा निघायला हवा, असं मेकॅनिक म्हणाला होता. म्हणून गाडी मावशीच्या ताब्यात आली, आणि मावशी तर नळाकडे फिरकायलाही तयार नव्हती. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं की धातूला तडा जायची भीती असते, तेव्हा थांबायचं म्हणजे थांबायचं.

या गॅरेजात मावशीला अठरा वर्षं झाली होती. आली ती झाडू घेऊन. तेव्हा इंजिनं धुणारा जो माणूस होता, तो घराला आग लागल्यासारखा पाण्याचा जोरदार फवारा सोडायचा. गाडी वरून लखलखीत दिसायची आणि चावी फिरवली की ढिम्म हलायची नाही. मग मेकॅनिक त्याच्या नावाने शंख करत तासन् तास तारा वाळवत बसायचे. मावशी खालचं पाणी झाडता झाडता हे सगळं बघायची. एके दिवशी तिने मालकांना विचारलं, की पाणी जिथे जायला नको तिथे आधी झाकून का ठेवत नाही? मालक हसले. मावशी घरी गेली, जाड प्लास्टिकचा टेबलावरचा कपडा घेतला, नातवाच्या टोपड्याच्या बेतावर सात वेगवेगळ्या मापांची टोपडी कापली, त्यांच्या तोंडाला इलास्टिक घातलं आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाला चढवून दाखवली. तेव्हापासून मावशीने धुतलेली गाडी पहिल्या चावीला सुरू झाली नाही असं एकदाही घडलं नव्हतं. मालक हे गिऱ्हाइकांना अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं टोपडी यांनीच बसून शिवली.

इंजिन निवलं तशी मावशी कामाला लागली. आधी बॅटरीची एक तार सोडली. मग एकेक टोपडं चढवलं. फ्यूजच्या डब्याला मोठं चौकोनी, हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाला लांबट, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला छोटं गोल. चिकट्यावर साबणाचं पाणी शिंपडलं, ते मुरू दिलं, जुन्या ब्रशाने खाचाखोचा घासल्या, आणि मग झारीने पाणी घातल्यासारखं बेताबेताने धुऊन काढलं.

ताईंचे वडील बाजूला खुर्चीवर बसून हे सगळं टक लावून बघत होते. किडकिडीत अंगाचे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेले. गाडी कोणाची, असं त्यांनी मावशीला चार वेळा विचारलं. तुमच्या मुलीची, असं मावशीने चारही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं. तिसऱ्या वेळी ताई ओशाळून म्हणाल्या, की मावशी, त्यांच्या लक्षात राहत नाही हो. मावशी म्हणाली, त्यात काय, मला सांगायला थोडेच कष्ट पडतात.

पाणी निथळलं. मावशीने टोपडी काढून बादलीत टाकली, हवेच्या पाइपने उरलंसुरलं पाणी उडवलं, तार जोडली. गडबड्याने चावी फिरवली आणि इंजिन लगेच बोलायला लागलं. गडबड्या म्हणजे मेकॅनिक. चाळिशीला आला तरी पायाला भिंगरी असल्यासारखा, म्हणून हे नाव. त्याला गळती लगेच सापडली. एक बोल्ट सैल होता, तो त्याने आवळला.

टोपडी मोजून दोरीवर टांगल्याशिवाय बॉनेट बंद करायचं नाही, हा मावशीचा नेम होता. इतक्या वर्षांत तो कधी मोडला नव्हता. पण ताई आत पावती करून घेत होत्या, गडबड्या हात पुसत होता, आणि मावशी बादलीकडे वळणार तोच तिला दिसलं, की खुर्ची रिकामी आहे आणि म्हातारबाबा फाटकातून बाहेर, थेट वाहत्या रस्त्याकडे निघालेत. मावशी सगळं टाकून धावली. त्यांचा हात धरला, गोड बोलून परत आणलं, मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. तेवढ्यात गडबड्याने आपल्या स्वभावाप्रमाणे बॉनेट धाडकन बंद केलं होतं. ताईंनी मावशीचे हात हातात घेतले, आभार मानले, आणि गाडी गेली.

चहा पिऊन झाल्यावर मावशीने बादलीतली टोपडी दोरीवर टांगली. एक, दोन, असं करत सहा झाली. सातवा चिमटा रिकामा राहिला. बादली उपडी केली. खुर्चीखाली बघितलं, पाइपाच्या वेटोळ्यात बघितलं, मोरीत हात घालून बघितलं. छोटं गोल टोपडं कुठेच नव्हतं.

ते अल्टरनेटरवर राहिलं असलं, तर गाडी सुरू होण्यात काहीच अडचण नव्हती. खरी अडचण पुढे होती. प्लास्टिक गरम होऊन सुटलं आणि इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात ओढलं गेलं, की पट्टा जाणार, आणि घाटात पट्टा गेला की स्टिअरिंग दगडासारखं जड होणार. मावशी आठवायला लागली. आपण ते काढलं का? काढलं असणार. पण काढताना हाताला काय लागलं, ते बादलीत कधी पडलं, काही म्हणजे काही आठवेना. गेल्या महिन्यात कुलूप लावलं की नाही म्हणून ती तीन वेळा अर्ध्या रस्त्यातून घरी परतली होती. तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नव्हतं.

ती मालकांकडे गेली आणि काय झालं ते सरळ सांगितलं. मालकांनी ताईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही तेच. मालक वैतागले, म्हणाले, गाडी व्यवस्थित गेली ना, मग उगाच गिऱ्हाइकाच्या मनात किडा कशाला सोडायचा, टोपडं पडलं असेल इथेच कुठेतरी.

“मालक, इथे नाहीये,” मावशी म्हणाली. “मी त्यांच्या गाडीमागे जाऊन बघते. आणि माझ्या हातून राहिलेलं निघालं, तर उद्यापासून मी झाडू घेते. इंजिनाला हात लावणार नाही.”

तिला झाडूवर पाठवायचं मालकांच्या स्वप्नातही नव्हतं, पण मावशी बोलली म्हणजे बोलली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी गडबड्याला मोटरसायकल काढायला सांगितलं.

गडबड्याला एक गोष्ट माहीत होती. बाबांना घाटाआधी कुठे थांबवता येईल, असं ताईंनी त्याला विचारलं होतं आणि त्याने घाटाच्या पायथ्याचा पेट्रोल पंप सांगितला होता. तिथे स्वच्छतागृह बरं होतं. मागे बसून मावशीने त्याच्या शर्टाची मूठ धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हणाली, की जरा घाई कर. रस्त्याच्या कडेला थांबलेली प्रत्येक गाडी तिला तीच वाटत होती. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाड्या जपल्या आणि हे बापलेक आपल्या हातून संकटात पडले तर, या विचाराने ती प्रत्येक गाडीकडे मान वळवून बघत होती.

गाडी पंपाच्या कोपऱ्यात झाडाखाली उभी होती. ताई पाण्याची बाटली घेऊन परत येत होत्या. मावशीला बघून त्या थबकल्या. मावशीने दम खात सांगितलं, की माझी एक वस्तू तुमच्या इंजिनात राहिली असावी, चूक माझी आहे, आधी बॉनेट उघडा. ताई काही न विचारता बॉनेट उघडून बाजूला झाल्या.

गडबड्याने टॉर्च मारला. मावशी वाकली. अल्टरनेटर उघडा होता. पट्टा धड होता. कुठे वितळलेलं प्लास्टिक नाही, जळका वास नाही, की चिंधी नाही. गडबड्याने खाली आडवा पडूनही बघितलं आणि मान हलवली. मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने बंपरला हात टेकला. माणसं सुखरूप होती, मग टोपडं गेलं चुलीत, असं तिच्या मनात आलं. पण लगेच दुसरं आलं. इथे नाही, तिथे नाही, मग आपण ते केलं तरी काय?

“बाबा, हे काय करताय?” ताईंचा आवाज आला.

मागच्या दारातून बाबांचे पाय बाहेर आले होते. मांडीवर छोटं गोल टोपडं होतं आणि हातात सुई. ती ते कॉलरच्या आतल्या बाजूला, काळा दोरा गुंडाळून, टोचून ठेवत असत. तोंडाची शिवण अर्धी उसवून ते इलास्टिक ओढून बसवत होते आणि वरून बारीक टाके घालत होते. मावशीच्या टाक्यांच्या निम्म्या लांबीचे.

म्हणजे टोपडं तिने काढलं होतं. बादलीतही टाकलं होतं. तिथून ते यांनी उचललं आणि खिशात घातलं. मावशीला मोठ्याने हसावंसं वाटलं. आपलं डोकं शाबूत आहे, हात शाबूत आहेत, उद्या सकाळी झाडू नाही, ब्रश हातात घ्यायचा आहे. आणि त्याच क्षणी समोरच्या माणसाकडे बघून तिला त्या आनंदाची थोडी लाजही वाटली.

ताई हळू आवाजात सांगू लागल्या. बाबांनी बेचाळीस वर्षं कपडे शिवले. नजर अधू झाली, हिशेब चुकायला लागले, दोन वर्षांपूर्वी मशीन विकलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी एक टाकाही घातलेला नव्हता. सकाळी कधी कधी माझं नावही आठवत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्या पुढे झाल्या. बाबा, ते या मावशींचं आहे, त्यांना देऊन टाका, असं त्यांनी समजावलं.

बाबांनी चष्म्यावरून मावशीला आपादमस्तक बघितलं. “तुमचं का? इलास्टिक पार गेलंय याचं. असं काम द्यायचं नसतं. परवा न्यायला या.”

गडबड्या फिस्सकन हसला. मावशी हसली नाही. तिने पदर सावरला.

“परवा नाही हो जमणार, मास्तर,” ती म्हणाली. “मला आजच लागतंय.”

सगळ्यांना आजच लागतं, असं काहीतरी पुटपुटत मास्तरांनी सुस्कारा सोडला. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं असणार. मग बसा, म्हणाले.

मावशी समोरच्या कट्ट्यावर बसली. ताईही तिच्या शेजारी येऊन बसल्या. इतका वेळ घड्याळाला टांगलेल्या बाई, आता त्यांनी मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. मालकांचा फोन आला तो गडबड्याने घेतला. “हो, सापडलं. नाही मालक, मावशीचं काही चुकलेलं नाही. यायला उशीर होईल पण. टोपडं शिवायला टाकलंय,” तो म्हणाला, आणि पलीकडून काय विचारलं गेलं ते न ऐकता त्याने फोन ठेवला. आणि तो, ज्याला एका जागी उभं राहता येत नाही, तो चक्क मांडी घालून खाली बसला.

झाडाची सावली जराशी सरकली. मास्तरांनी शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि उठले. आता माप घालून बघू, म्हणत ते उघड्या बॉनेटकडे निघाले. इंजिन अजून तापलेलं होतं. मावशीने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं, आणि आपल्या दोन्ही मुठी एकमेकींना जोडून त्यांच्यासमोर धरल्या. त्या साधारण अल्टरनेटरएवढ्याच होत्या.

मास्तरांनी टोपडं तिच्या मुठींवर चढवलं. कडेने आत एक बोट घालून सगळीकडून फिरवून बघितलं. एका ठिकाणी थांबले, चुणी सारखी केली.

“काचत नाही ना?”

“नाही मास्तर. बरोबर बसलंय.”

त्यांनी ते काढलं, उलटंपालटं करून बघितलं आणि मुलीच्या हातात दिलं. “बाईंना बांधून दे गं, बाळ,” ते म्हणाले. लहानपणी दुकानात बसून ताईंनी असे किती कपडे कागदात बांधून दिले असतील. आता कागद नव्हता. त्यांनी पर्समधून आपला धुतलेला रुमाल काढला, गाडीच्या टपावर पसरला, टोपडं घडी करून मध्ये ठेवलं, चारही कोपरे जुळवून गाठ मारली, आणि दोन्ही हातांनी मावशीला दिलं.